दिवसा जळणारे दिवे बंद करू का?

प्रश्न: सप्रेम नमस्कार. आम्ही नुकतीच गाडी बदलली. जुन्या गाडीचे दिवे मी लावीन तेव्हाच लागायचे. या गाडीत इंजिन सुरू झालं की पुढचे दोन पांढरे दिवे भर दुपारीसुद्धा आपोआप लागतात, आणि ते घालवायचा खटका कुठेच सापडत नाही. मला पक्षी बघायचा नाद आहे. पहाटे तळ्याकाठी गाडी लावून आत बसून राहायचं असतं. काचांवर बाष्प धरतं म्हणून मधूनमधून इंजिन चालू करावं लागतं, आणि केलं की समोर लख्ख उजेड. रात्री कुणाची वाट बघत एखाद्या गेटापाशी थांबले की तिथला पहारेकरी डोळ्यांवर हात धरतो. धाकटे दीर म्हणतात, "वहिनी, फ्यूज काढून टाका. फुकट बॅटरी आणि पेट्रोल जळतंय. इतकी वर्षं गाड्या दिवसा दिव्यांशिवाय चालल्याच ना?" गॅरेजवाला वायर तोडून द्यायला तयार आहे. असं करणं कायद्यात बसतं का? आणि करावं का?
ता. क. डावीकडचा इंडिकेटर दिला की डावा पांढरा दिवा विझतो. नव्या गाडीत हे कसं?
— तळ्याकाठची वाचक

उत्तर: नमस्कार ताई.

वायर तोडू नका आणि फ्यूजलाही हात लावू नका. गाडी उभी असताना दिवे नकोत ही तुमची गरज मात्र अगदी रास्त आहे, आणि बहुतेक गाड्यांत ती काहीही न तोडता भागते. तुमचं पत्र वाचताना जाणवलं की तुमची तक्रार उभ्या गाडीची आहे आणि दिरांनी सुचवलेला उपाय चालत्या गाडीचे दिवे घालवणारा आहे. तेव्हा आधी उभ्या गाडीचं बघू.

गाडीवर कुठला दिवा कुठे बसवायचा, तो कधी लागायचा आणि कधी विझायचा, हे ठरवणारा संयुक्त राष्ट्रांचा एक नियम आहे, क्रमांक ४८. युरोपात आणि इतरही अनेक देशांत गाड्या त्याबरहुकूम बनतात. या नियमाप्रमाणे दिवसा जळणारे दिवे, म्हणजे डीआरएल, इंजिन चालू होण्याच्या स्थितीत आलं की आपोआप लागले पाहिजेत. पण त्याच कलमात सवलतीही आहेत. ऑटोमॅटिक गाडीचा गिअर 'पी'वर, म्हणजे पार्किंगवर, असेल तर दिवे बंद राहू शकतात. हॅंडब्रेक ओढलेला असेल तर बंद राहू शकतात. इंजिन सुरू केल्यावर गाडी पहिल्यांदा जागची हलेपर्यंतही बंद राहू शकतात. शिवाय ताशी १० किलोमीटरच्या आत हे दिवे हाताने घालवायची सोय कंपनीला देता येते. अट एवढीच की वेग १० च्या वर गेला किंवा गाडी १०० मीटरहून जास्त पुढे सरकली की ते आपले आपण परत लागले पाहिजेत.

मेख अशी की हे सगळं कंपनीच्या मर्जीवर सोडलेलं आहे. एक कंपनी तिन्ही सवलती वापरते, दुसरी एकही नाही. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक असतो. म्हणून आज संध्याकाळी गाडी एखाद्या भिंतीसमोर उभी करा, इंजिन चालू ठेवा आणि भिंतीवरचा उजेड बघत एकेक गोष्ट करून पाहा. हॅंडब्रेक ओढा. ऑटोमॅटिक असेल तर 'पी'वर टाका. त्याने काही झालं नाही तर क्रम उलटा करा: इंजिन बंद करून आधी हॅंडब्रेक ओढा, मग इंजिन सुरू करा. उत्तर अमेरिकेत विकल्या गेलेल्या जनरल मोटर्सच्या कितीतरी गाड्यांत हीच युक्ती चालते. हॅंडब्रेक आधीच ओढलेला असेल तर दिवे लागतच नाहीत, तो सोडला की लागतात. त्यानंतर दिव्यांचा मुख्य खटका 'ऑटो'वरून शून्यावर नेऊन बघा. पडदा असलेली गाडी असेल तर सेटिंगमध्ये वाहन, मग दिवे, असं शोधत जा. काही गाड्यांत तिथे डीआरएलसाठी सरळ चौकोन दिलेला असतो. गाडीसोबत आलेलं जाडजूड पुस्तक कुणी वाचत नाही, पण त्यातलं दिव्यांचं प्रकरण पाच-सहा पानांचंच असतं आणि तुमच्या प्रश्नाचं नेमकं उत्तर बहुधा तिथेच छापलेलं असेल.

यातलं काहीच चाललं नाही तर तळ्याकाठी इंजिनच बंद ठेवा. खरं म्हणजे चाललं तरी ठेवा. चालू इंजिनाची थरथर खिडकीवर टेकवलेल्या दुर्बिणीत उतरते, आणि पाखरांना दिव्याआधी आवाज कळतो. काचांवर धरणारं बाष्प हे मुख्यतः तुमच्याच श्वासाचं असतं. दोन समोरासमोरच्या खिडक्या बोटभर उघड्या ठेवल्या तर ते बऱ्यापैकी कमी होतं. पंखा लागलाच तर काही गाड्यांत किल्ली पहिल्या टप्प्यावर ठेवून, म्हणजे इग्निशन पूर्ण चालू न करता, थोडा वेळ चालवता येतो. बऱ्याच गाड्यांत त्या टप्प्यावर डीआरएल लागत नाहीत.

पक्षीनिरीक्षकांना गाडीच्या इतर दिव्यांचा विसर पडतो, त्यांचंही इथेच सांगून टाकतो. ऑटोमॅटिक गाडीत बसल्या बसल्या पाय ब्रेकवर राहिला की मागचे लाल दिवे जळत राहतात, ते तर डीआरएलपेक्षाही नजरेत भरतात. दार उघडलं की आतला दिवा लागतो. त्याचा खटका आधीच बंद करून ठेवा. रिमोटने कुलूप लावलं की चारही इंडिकेटर लुकलुकतात. दाराच्या आतल्या बटणाने लावलं तर बहुतेक वेळा लुकलुकत नाहीत. आणि इंजिन बंद केल्यावर अर्धा-एक मिनिट हेडलाइट चालू ठेवणारी एक सोय असते, उतरल्यावर घरापर्यंतची वाट दिसावी म्हणून. ती सेटिंगमधून बंद करता येते. काही जण दिव्यावर काळं कापड लावून बसतात. एलईडी दिवा असेल तर उभ्या गाडीला ते चालून जाईल; हॅलोजन असेल तर अजिबात नको, काच सणसणीत तापते. आणि निघताना कापड काढायला विसरणारे लोक मी पाहिलेत.

गेटापाशीचं उत्तर याहून सोपं आहे. पहारेकऱ्याच्या डोळ्यांत जातो तो उजेड बहुधा डीआरएलचा नसून हेडलाइटचा असणार. रात्री तुमचा खटका 'ऑटो'वर असेल तर डीआरएल विझून हेडलाइट लागलेले असतात. थांबल्यावर खटका पार्किंगच्या खुणेवर आणा. पुढे-मागे मंद दिवे राहतील, उभी गाडी इतरांना दिसेल आणि कुणाचे डोळे दिपणार नाहीत. निघण्यापूर्वी खटका परत 'ऑटो'वर न्यायचा, एवढं लक्षात ठेवा.

आता फ्यूज. तुमच्या दिरांच्या डोक्यात ज्या गाड्या आहेत त्यांत एक दिवा, एक फ्यूज, एक वायर असा सरळ हिशोब होता. त्या काळीसुद्धा डीआरएलचा फ्यूज बऱ्याचदा दुसऱ्या कशाशी जोडलेला असे, कारण पुष्कळ गाड्यांत वेगळा डीआरएल नव्हताच; हेडलाइटचाच अप्पर किंवा डिपर कमी विद्युतदाबावर दिवसभर जळत ठेवलेला असे. तिथला फ्यूज काढला की रात्रीचा अप्परही गेला, असं होऊ शकतं.

नव्या गाड्यांत हिशोब आणखी बदललाय. दिव्यांना वीज देणारा एक छोटा संगणक असतो. तो कुठल्या दिव्याला किती वीज जाते यावर नजर ठेवतो, आणि वायर तुटली की बल्ब गेल्याचा इशारा डॅशबोर्डवर दाखवतो. हा इशारा मग कायमचा राहतो, आणि कायमच्या इशाऱ्याकडे माणूस बघणं सोडून देतो. पुढे खरोखरच ब्रेकचा दिवा गेला तरी त्याच जागी तोच इशारा दिसणार. पण याहून मोठी अडचण वेगळी आहे. अनेक गाड्यांत जी एलईडीची पट्टी दिवसा डीआरएल म्हणून प्रखर जळते, तीच रात्री मंद होऊन पार्किंग लाइटचं काम करते. पट्टी एक, कामं दोन. गॅरेजवाल्याने तिची वायर तोडली तर रात्रीचा पार्किंग लाइटही गेला. म्हणजे गेटापाशी वापरायला मी तुम्हाला आत्ता जो दिवा सांगितला, तोच. वर तोडलेल्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळलेली असणार, पहिल्या पावसात तिथे पाणी शिरणार, आणि हळूहळू हिरवट गंज वायरीच्या आत चढत जाणार. गाडी वॉरंटीत असेल तर त्यापुढे वायरिंगच्या कुठल्याही तक्रारीवर कंपनी त्या चिकटपट्टीकडे बोट दाखवील.

खरोखरच कायमचे बंद करायचे असतील आणि तुमच्या देशात तशी मुभा असेल, तर रीतसर मार्ग कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा आहे. तिथे गाडीला संगणक जोडून हे काम एका सेटिंगने होतं. काही गाड्यांत होतं, काहींत कंपनी ते खुलं ठेवतच नाही. ते 'नाही' म्हणाले तर त्या 'नाही'मागे बहुतेक वेळा कायदा असतो.

पेट्रोलचं म्हणाल तर आकडेच मांडू, म्हणजे दिरांशी वाद घालावा लागणार नाही. एलईडीचे दोन डीआरएल मिळून साधारण २० वॅट घेतात. ही वीज अल्टरनेटर बनवतो, त्याला इंजिन फिरवतं, आणि दोघांच्याही हातून बरीच ऊर्जा वाटेत उष्णता होऊन जाते. ती सगळी तूट धरली तरी ढोबळ हिशोबाने दिवे सत्तरेक तास जळले तेव्हा कुठे एक लिटर पेट्रोल जातं. उभ्या गाडीचं इंजिन तासभर नुसतं चालू ठेवलं तर अर्धा ते एक लिटर सहज संपतं. तेव्हा वाचवायचंच असेल तर तळ्याकाठचं इंजिन बंद ठेवण्यात कितीतरी जास्त वाचेल.

जुन्या पद्धतीच्या गाड्यांबद्दल मात्र दिरांचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. हॅलोजनचे दोन हेडलाइट ५५-५५ वॅटचे, त्यात मागचे दिवे आणि नंबरप्लेटचा दिवा धरला तर दीडशेच्या आसपास वॅट जातात, आणि त्याला नऊ-दहा तासांत एक लिटर लागतं. बल्बही लवकर उडतात. वेगळा, कमी वॅटचा एलईडी डीआरएल आला तो याच तक्रारीवर उतारा म्हणून. बॅटरीची काळजी इंजिन चालू असताना करायचं कारणच नाही. इंजिन बंद आणि इग्निशन चालू, या स्थितीत तासन्‌तास बसलात तर मात्र करा. २० वॅटचे दिवे बॅटरीतून तासाला पावणेदोन अँपिअर-तास घेतात. साधारण गाडीची बॅटरी ४५ ते ६० अँपिअर-तासांची, आणि ती अर्ध्यावर आली की थंडीत इंजिन उचलायला कुरकुर करते.

"इतकी वर्षं चाललंच ना" हा मुद्दा उरतो. चाललं, आणि समोरासमोर धडकाही होत राहिल्या. दोन पदरी रस्त्यावर, दोन्ही बाजूंनी झाडं, रस्त्यावर ऊन-सावलीची नक्षी, आणि समोरून येणारी राखाडी गाडी. तुम्ही पुढचा ट्रक ओलांडायला बाहेर पडताय. दोन्ही गाड्या ताशी ८० ने येत असतील तर अंतर सेकंदाला ४४ मीटरने मिटतं. ओलांडायला दहा सेकंद लागले तर ४४० मीटर संपले. म्हणजे ती राखाडी गाडी तुम्हाला जवळजवळ अर्धा किलोमीटर अलीकडूनच दिसायला हवी, आणि सावलीत मिसळलेली राखाडी गाडी तेवढ्या अंतरावरून दिसत नाही. तिच्यावरचे दोन पांढरे ठिपके दिसतात. डीआरएलचं काम इतकंच आहे. त्याने तुमचा रस्ता उजळत नाही आणि उजळायची अपेक्षाही नाही. त्याची तीव्रता ४०० ते १२०० कॅंडेलांच्या (कॅंडेला हे दिव्याच्या तीव्रतेचं माप) दरम्यान ठेवलेली असते. दिवसा डोळ्यात भरेल, पण खुपणार नाही, इतपत.

ही कल्पना उत्तरेकडची. तिथे सूर्य क्षितिजालगत रेंगाळतो आणि संधिप्रकाश लांबतो. फिनलंडने १९७२ मध्ये हिवाळ्यापुरते, शहराबाहेरच्या रस्त्यांवर दिवसा दिवे सक्तीचे केले. स्वीडनने १९७७ मध्ये वर्षभरासाठी आणि सगळ्यांनाच. कॅनडाने १ डिसेंबर १९८९ पासून बनणाऱ्या नव्या गाड्यांत ते बसवायला लावले. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०११ पासून मोटारींच्या नव्या मॉडेलांना, आणि पुढच्या वर्षी ट्रक-बसनाही, डीआरएल लागू केले.

उपयोग किती होतो, यावर तज्ज्ञांचं एकमत आहे असं मी म्हणणार नाही, कारण ते नाही. कॅनडाने दिवे असलेल्या १९९० च्या मॉडेलांची तुलना आधीच्या वर्षाच्या मॉडेलांशी केली, तेव्हा दिवसा दोन गाड्यांत होणाऱ्या, दिव्यांमुळे टळू शकतील अशा धडका सुमारे ११ टक्क्यांनी कमी भरल्या. अमेरिकेत २००१ मध्ये खुद्द जनरल मोटर्सने डीआरएल सर्व गाड्यांना सक्तीचे करा असा अर्ज केला होता. तिथल्या रस्तेसुरक्षा खात्याने २००९ मध्ये तो फेटाळला. त्यांच्या अभ्यासात ठाम म्हणावा असा फायदा दिसला नव्हता. ऑस्ट्रियाने नोव्हेंबर २००५ मध्ये दिवसा दिवे सक्तीचे केले आणि २००८ उजाडताच सक्ती उठवली. मोटारसायकलवाल्यांचीही एक जुनी तक्रार आहे, आणि ती मला पटते: दिवसा दिवा फक्त दुचाकीचा असायचा तेव्हा ती चटकन ओळखू यायची, आता दिव्यांच्या गर्दीत तिचा एकुलता दिवा हरवतो. भारतात एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनासोबतच लागतो, मोटारींना मात्र डीआरएलची सक्ती नाही.

माझं मत विचाराल तर फायदा मोठा नसेल, पण आहे. आणि एलईडी आल्यापासून त्याची किंमत जवळपास शून्यावर आली आहे. चालत्या गाडीचे दिवे घालवण्यासाठी पटण्यासारखं कारण मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

कायद्याबद्दल तुम्ही विचारलंय, पण देश लिहिलेला नाही, म्हणून ओळखायची रीत सांगतो. दोन वेगळे कायदे असतात. एक गाडी बनवणाऱ्याला लागू होतो: नव्या गाडीत हे दिवे हवेत की नकोत. दुसरा चालवणाऱ्याला: दिवसा दिवे लावून चालवायचं की नाही. स्वीडनसारख्या देशात दोन्ही आहेत. तिथे पाहुण्या गाडीनेही दिवसा दिवे लावलेच पाहिजेत. काही देशांत फक्त पहिला आहे. तिथे दिवसा दिवे नसले म्हणून पोलीस थांबवणार नाहीत, पण गाडीला मंजुरी ज्या दिव्यांसह मिळाली ते तुम्ही काढून टाकलेत ही गोष्ट तपासणीत अडू शकते. ब्रिटनमध्ये १ मार्च २०१८ पासून पहिल्यांदा रस्त्यावर आलेल्या गाड्यांचे डीआरएल वार्षिक तपासणीत बघितले जातात आणि ते चालायलाच हवेत. अमेरिकेत दोन्ही सक्ती नाहीत, म्हणून तिथे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांत दिवे बंद करायची सोय सरळ मेनूमध्येच असते. तुमच्या मेनूत ती नसेल तर गाडी जिथे विकली त्या देशाच्या नियमामुळे नसण्याची शक्यता जास्त. अपघात झाला तर विमा कंपनीचा माणूस तोडलेली वायर शोधून काढतो, हेही डोक्यात असू द्या. समोरच्याने "मला गाडी दिसलीच नाही" म्हटल्यावर तुमची बाजू तिथेच लंगडी पडते.

तुमच्या पत्रात नसलेली, पण मला या दिव्यांबाबत सगळ्यात जास्त सतावणारी एक गोष्ट आहे. बहुतेक गाड्यांत डीआरएल फक्त पुढे लागतात. मागे काहीच लागत नाही. दिवस कलतो, चालकाला पुढच्या रस्त्यावर पांढरट उजेड दिसतो, डॅशबोर्ड तर आजकाल चोवीस तास उजळलेलाच असतो, आणि त्याची खात्री पटते की दिवे लागलेत. गाडीचा मागचा भाग मात्र पूर्ण अंधारात. शहरातल्या रस्तादिव्यांखाली अशा गाड्या रोज संध्याकाळी दिसतात. हा प्रकार इतका वाढला की कॅनडाने सप्टेंबर २०२१ पासून नव्या गाड्यांसाठी नियम बदलला: एक तर डीआरएलसोबत मागचे दिवेही लागले पाहिजेत, नाही तर अंधार पडताच सगळे दिवे आपोआप लागले पाहिजेत, तेही नसेल तर डॅशबोर्ड काळा राहिला पाहिजे, म्हणजे चालकाला चुकल्यासारखं वाटून तो खटक्याकडे हात नेईल. तिसरा पर्याय मला फार आवडला. इतका साधा उपाय सुचायला तीस वर्षं लागली.

तेव्हा खटका कायम 'ऑटो'वर ठेवा, आणि तरी त्याच्यावर विसंबू नका. काचेमागचा सेन्सर फक्त उजेड मोजतो. नियम ४८ प्रमाणे उजेड १,००० लक्सच्या (लक्स हे भोवतालच्या उजेडाचं माप) खाली गेला की दोन सेकंदांत हेडलाइट लागायचे आणि ७,००० लक्सच्या वर असेल तर विझलेले राहायचे. दिवसाढवळ्या दाट धुकं असतं किंवा पाऊस कोसळत असतो तेव्हा आकाश पांढरं असतं. सेन्सरच्या दृष्टीने तो उजेडच. मागून येणाऱ्याला मात्र तुम्ही पन्नास मीटरवरूनही दिसत नाही. अशा वेळी हेडलाइट हाताने लावायचे, म्हणजे मागचे दिवेही लागतात. तुम्ही पहाटे तळ्यावर जाता म्हणजे धुक्यात जाता, म्हणून हे तुम्हाला इतरांपेक्षा जास्त लागू आहे. डॅशबोर्डवर हेडलाइटची हिरवी खूण असते, डिपरची. ती दिसत असेल तरच मागे लाल आहे असं समजा.

आणि ताजा कलम. इंडिकेटर देताना त्या बाजूचा डीआरएल विझतो, तो बिघाड नाही. पांढरा दिवा आणि पिवळा इंडिकेटर एकमेकांना खेटून असतील, त्यांच्यातलं अंतर ४० मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल, तर पांढऱ्याच्या झगमगाटात पिवळी लुकलुक बुडू नये म्हणून तेवढ्यापुरता पांढरा विझवायला किंवा मंद करायला नियमाची परवानगी आहे. तुमच्या कंपनीने विझवणं पसंत केलंय. इंडिकेटर थांबला की तो लगेच परत लागला पाहिजे. लागला नाही, किंवा डावा आणि उजवा यांच्या उजेडात फरक दिसू लागला, तर वॉरंटी असेपर्यंत दाखवून घ्या. या दिव्यांत बहुधा बल्ब बदलता येत नाही, पूर्ण दिवाच बदलावा लागतो. मात्र त्याआधी गॅरेजवाल्याने 'नुसती बघतो' म्हणून एखादी वायर ओढून तर ठेवलेली नाही ना, याची खात्री करून घ्या.